कॉपी मध्येच थांबते? आधी थांबलेला आकडा लिहून ठेवा

अण्णांच्या कपाटातल्या डिस्क संगणकावर घ्यायला बसलो तेव्हा वाटलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत काम उरकेल. व्हीसीडी दोनशेच्या वर, डीव्हीडी नव्वदच्या आसपास. पहिल्या दिवशी अकरा झाल्या. बारावी ८७ टक्क्यांवर जी अडकली ती हलेचना. ड्राइव्हमधून खर्र… खट, खर्र… खट असा आवाज, हिरवी पट्टी जागच्या जागी, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पडद्यावर ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ची, म्हणजे माहिती नीट वाचता आली नाही अशी एरर. परत लावली, परत तेच. पुढची लावली, ती चाळीसवर अडली. तिसरी व्यवस्थित झाली. चौथीच्या वेळी तर बाहेरची हार्डडिस्कच गायब झाली, जणू कुणी वायर उपटली.

मग मी जे केलं ते कुणीही करू नये. एकाच दिवशी डिस्क धुतली, केबल बदलली, प्रोग्राम बदलला आणि संगणकही फॉरमॅट केला. त्यानंतर एखादी डिस्क चालली की ती नेमकी कशामुळे चालली ते कळेना. दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह गेला म्हणून सांगितलं, नवा घेतला. पंधरा दिवसांनी तोच त्रास पुन्हा सुरू.

यातून बाहेर काढलं ते एका शंभर पानी वहीने. मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि प्रत्येक फसलेल्या कॉपीपुढे तीन गोष्टी लिहायला लागलो: कोणती डिस्क, किती टक्क्यांवर किंवा किती जीबीवर थांबली, आणि घड्याळात किती वाजले होते. महिनाभरात चाळीसेक नोंदी झाल्या. त्या एका खाली एक वाचल्या तेव्हा दिसलं की मी ज्याला एकच रोग समजत होतो ते तीन-चार वेगळे रोग होते, आणि प्रत्येकाचं औषध निराळं. तुमचीही कॉपी अशीच वारंवार थांबत असेल तर काहीही विकत घेण्याआधी ही वही करा.

तीच डिस्क, दर वेळी त्याच आकड्यावर

असं होत असेल तर दोष डिस्कचा. संगणकाला हात लावू नका.

आकड्यावरून डाग कुठे शोधायचा तेही कळतं. सीडी आणि डीव्हीडीवरची माहिती आतून बाहेर लिहिलेली असते, मधल्या भोकाजवळ सुरुवात आणि कडेला शेवट. म्हणून ८५-९० टक्क्यांवर थांबली तर कड बघा, पहिल्या पाच टक्क्यांतच अडली तर भोकाभोवतीची जागा बघा. माझी बारावी डिस्क खिडकीशी धरून तिरपी केली तेव्हा कडेला नखाएवढी तपकिरी कोर दिसली. समोरून बघताना ती दिसतच नव्हती, प्रकाश आडवा पडल्यावरच दिसली.

दोन थरांच्या डीव्हीडीत हा हिशेब उलटतो आणि इथे बरेच जण फसतात. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, विंडोजमध्ये ते ४.३८ दिसतात. डिस्कची प्रॉपर्टी उघडून त्याहून जास्त आकडा दिसला की ती दोन थरांची, ८.५ जीबीपर्यंतची. चित्रपटाच्या अशा डिस्कमध्ये बहुतेक वेळा पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत परत येतो. म्हणजे चित्रपटाचा मध्य डिस्कच्या बाहेरच्या बाजूला असतो! बरोबर मध्यंतराच्या आसपास, ४५ ते ५५ टक्क्यांत अडणाऱ्या आमच्या सहा डीव्हीडींची कड पुसली आणि त्यातल्या चार तेवढ्यानेच सुरळीत झाल्या.

ही तपकिरी कोर म्हणजे काय, ते सांगलीकरांना सांगायला नको. आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आत आलं तेव्हा कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर धान्य, कपडे, कागदपत्रं यांतून डिस्ककडे बघायला कुणाला वेळ होता? वरवर पुसून परत पाकिटात घातल्या. पुराचा गाळ फार बारीक असतो, वाळला की कडेला लेपासारखा चिकटतो, आणि तो कोरडा पुसला की पॉलिश पेपर फिरवल्यासारखे ओरखडे उठतात. आमच्या काही डिस्क पाण्याने खराब झाल्या नाहीत, त्या आमच्या पुसण्याने झाल्या.

म्हणून गाळ लागलेली डिस्क आधी भिजवा. घमेल्यात स्वच्छ, साधं पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि डिस्क अर्धा तास तशीच सोडून द्या. कागदी पाकीट चिकटलं असेल तर ओढू नका, पाकिटासकट भिजवा, आपोआप सुटतं. नंतर नळाखाली धरून बोटाच्या पेराने हलकेच, मग शेवटी आरओचं पाणी, म्हणजे क्षारांचे पांढरे ठिपके राहत नाहीत. पुसायचं ते जुन्या धुतलेल्या मलमलीने किंवा चष्म्याच्या फडक्याने, भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. यामागे कारण आहे: माहितीची रेघ गोल फिरते. आडवा ओरखडा त्या रेघेला थोडीशीच तोडतो, तेवढं नुकसान ड्राइव्ह स्वतः भरून काढतो. रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र लांबलचक पट्टाच खातो आणि तो भरून निघत नाही.

थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रावण लावू नका, डिस्कचं प्लास्टिक धुरकट होतं. टूथपेस्टने घासायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी दोन डिस्कवर करून पाहिला, एक सुधारली आणि एक कायमची गेली. ज्या डिस्कची दुसरी प्रत कुठेच नाही तिच्यावर असले प्रयोग नकोत.

सीडी आणि व्हीसीडीची वरची, छापील बाजू तेवढीच जपा. सीडीत चकाकणारा थर छपाईच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. खालून ओरखडा गेला तर तो प्लास्टिकवर जातो, वरून गेला तर थेट माहितीवर. आमच्या अण्णांनी प्रत्येक डिस्कवर बॉलपेनने दाबून क्रमांक घातले होते, आणि त्या आकड्यांच्या खालीच काही सीडी मेल्या. उजेडासमोर धरली आणि टाचणीएवढी छिद्रं आरपार दिसली तर तेवढा भाग गेला, धुऊन उपयोग नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून जास्त सोसते.

वेगवेगळ्या डिस्क, वेगवेगळे आकडे, पण वेळ तीच

माझ्या वहीतला हा सगळ्यात महत्त्वाचा शोध. हार्डडिस्क गायब होण्याच्या नऊ नोंदींपैकी सात सकाळी साडेसहा ते सातच्या मधल्या होत्या. टक्के कुठलेही, डिस्क कुठलीही. त्या वेळी आमच्या गल्लीत काय होतं? नळाला पाणी येतं. आणि पाणी आलं की घरोघरच्या मोटरी एकदम सुरू होतात. दिवा क्षणभर मंद होतो, पंखा दचकतो.

मी म्हणत होतो, आमच्याकडे यूपीएस आहे की. होता, पण त्यावर फक्त संगणक आणि मॉनिटर. बाहेरच्या मोठ्या हार्डडिस्कचा अडॅप्टर वेगळा असतो आणि तो मी भिंतीतल्या बोर्डात लावला होता, कारण यूपीएसच्या मागचे दोन्ही सॉकेट भरलेले. व्होल्टेज खाली गेलं की संगणक तग धरायचा आणि हार्डडिस्क पुन्हा चालू व्हायची. संगणकाच्या नजरेत ती उपटूनच काढलेली. मॉनिटरची वायर भिंतीतल्या बोर्डात लावली, हार्डडिस्क यूपीएसवर घेतली. त्या दिवसापासून सकाळची नोंद एकही नाही. एक रुपया खर्च न होता.

वेळेचा दुसरा प्रकार घड्याळाचा नाही, कालावधीचा. कॉपी सुरू केल्यावर दर वेळी अर्ध्या तासाने थांबत असेल तर संगणक झोपतोय. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. चांगली डिस्क वीस मिनिटांत होते म्हणून हे लक्षात येत नाही, खराब डिस्कला दोन तास लागतात तेव्हाच हा दोष डोकं वर काढतो आणि आपण बिचाऱ्या डिस्कला बोल लावतो.

कुठलीही डिस्क, कुठलाही आकडा, कुठलीही वेळ

आता ड्राइव्हकडे वळा. एक नवी, स्वच्छ, खात्रीची डिस्क परीक्षेसाठी बाजूला ठेवा आणि तीच लावून बघा. तीही अडली तर ड्राइव्ह, केबल किंवा वीज.

यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर पहिला संशय विजेचा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिॲम्पियर मिळायची हमी, ३.० मधून ९००. डिस्क जोरात फिरायला लागली की ड्राइव्ह त्याहून जास्त मागतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब, बारीक वायर गेलेली असते, तिथे तो आणखी उपाशी. मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला थेट लावा, मध्ये हब नको. एकदम दोन पोर्टमध्ये लावायची दोन तोंडांची केबल मिळत असेल तर ती घ्या.

एक खूण फार कामाची आहे. सगळ्या डीव्हीडी चालतात आणि व्हीसीडी मात्र एकही नाही, किंवा याच्या उलट, असं दिसलं तर डिस्क धूत बसू नका. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५० चा. ड्राइव्हमध्ये दोन्ही असतात आणि एक थकला तरी दुसरा चालू राहतो. दुरुस्तीवाल्याने माझा जुना ड्राइव्ह ‘गेला’ ठरवला तो डीव्हीडी आजही उत्तम वाचतो. त्याचा सीडीचा डोळा तेवढा अधू झालाय.

लागोपाठ सातवी-आठवी डिस्क असेल आणि ड्राइव्हचं झाकण हाताला चांगलं गरम लागत असेल तर अर्धा तास थांबा. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी हे काम मी बंदच ठेवतो.

४ जीबी

आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या डिस्कची मिळून एकच फाईल, बनवताना कॉपी बरोबर ४ जीबीवर थांबली तर हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा आहे. त्यात एक फाईल ४ जीबीच्या पुढे जातच नाही, जागा कितीही मोकळी असो. डीव्हीडीचं फोल्डर जसंच्या तसं कॉपी केलं तर हा अडथळा येत नाही, कारण त्यातल्या व्हीओबी, म्हणजे चित्र-आवाजाच्या फाईली मुळातच १ जीबीच्या आतल्या असतात. म्हणून ‘परवा झालं, आज का नाही’ असं वाटतं. आतला माल दुसरीकडे हलवून एनटीएफएस प्रकारात फॉरमॅट करा. एक्सफॅटही चालतं, पण मी विंडोजवर एनटीएफएसच घेतो. लिहिता लिहिता वीज गेली तर ते जास्त सावरतं, आणि वीज जाणार हे आपल्याकडे धरूनच चालावं लागतं.

“प्लेयरवर चालते, मग कॉपी का होत नाही?”

शेजारच्या काकूंनी मला हा प्रश्न विचारला होता, त्यांच्या मुलाच्या मुंजीच्या व्हीसीडीबद्दल. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर व्हीसीडीच्या घडणीत आहे.

साध्या डेटा सीडीवर माहितीचे छोटे छोटे तुकडे असतात, प्रत्येकात २०४८ बाइट माहिती आणि शिवाय चूक दुरुस्त करायची जादा सोय. व्हीसीडी करताना एका सीडीत ७४ ते ८० मिनिटं बसवायची होती, म्हणून ती जादा सोय काढून टाकली आणि प्रत्येक तुकड्यात २३२४ बाइट चित्र-आवाज भरला. हिशेब असा, की एखादा तुकडा बिघडला तर पडद्यावर क्षणभर चौकोन दिसतील, चालतंय. प्लेयर तसंच करतो, चौकोन दाखवून पुढे जातो. विंडोजची कॉपी मात्र एक तुकडा वाचता आला नाही की सगळी फाईलच सोडून देते. ४५ मिनिटांची मुंज दोन सेकंदांसाठी नाकारते.

तेव्हा साधी कॉपी-पेस्ट सोडा आणि जे खराब तुकडे ओलांडून पुढे जाईल असं साधन घ्या. व्हीसीडीसाठी विंडोजवर मी आयसोबस्टर वापरतो. तो वाचता न आलेला तुकडा रिकामा भरून पुढे सरकतो. लिनक्सवर व्हीसीडीइमेजर नावाच्या संचातलं साधन आहे. व्हीसीडीची आयएसओ करू नका, हे मुद्दाम सांगतो. आयएसओ २०४८ च्या तुकड्यांसाठी आहे, व्हीसीडीचं चित्र त्यात नीट येतच नाही. बिन आणि क्यू अशी दोन फाईलींची जोडी बनते ती घ्या, किंवा थेट चित्राची फाईल काढा.

डीव्हीडीसाठी माझा भरवसा डीडीरेस्क्यूवर आहे. लिनक्सवरचं हे साधन आधी सोपा भाग भराभर उचलतं, मग अडलेल्या जागी परत परत जातं, आणि कुठे काय राहिलं याची नोंद एका फाईलीत ठेवतं. ती नोंद असेल तर डिस्क धुऊन, किंवा दुसऱ्याच ड्राइव्हमध्ये घालून, राहिलेले तुकडेच तेवढे मागता येतात. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. लग्नाच्या एका डीव्हीडीचे ३१२ तुकडे माझ्या ड्राइव्हने सोडले होते. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातल्यावर उरले ९.

साधन कुठलंही असो, रीड स्पीड निवडता येत असेल तर सगळ्यात कमी ठेवा. कागदी लेबल चिकटवलेली डिस्क जोरात फिरली की थरथरते आणि चांगला भागही वाचता येत नाही.

काकूंची मुंज आली. मध्ये दोन ठिकाणी चौकोन येतात. भिक्षावळीत त्यांची सासू दिसते तो भाग स्वच्छ आहे, आणि त्यांना तोच हवा होता.

एक चूक, जी एरर देत नाही

ही मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती कळली फार उशिरा. बहुतेक व्हीसीडींच्या आत एमपेगएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात एव्हीएसईक्यू०१ नावाची डॅट फाईल. पहिल्या डिस्कमध्ये तेच नाव, दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. अण्णांकडे नाटकं दोन-दोन, तीन-तीन व्हीसीडींची. मी एका नाटकाचं एक फोल्डर करून सगळ्या डिस्क त्यात टाकत गेलो, विंडोजने ‘रिप्लेस करू का’ विचारलं आणि रात्री अकराला मी ‘हो’ म्हटलं. सात नाटकांचे फक्त तिसरे अंक शिल्लक राहिले. डिस्क घरातच होत्या म्हणून परत करता आलं, पण डिस्क देऊन टाकल्या असत्या तर?

आता प्रत्येक डिस्कला स्वतःचं फोल्डर: नाव, मग १, २, ३. कॉपी झाली की शेवटची दोन मिनिटं व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडून बघायची, वहीत बरोबरची खूण करायची, मगच डिस्क पाकिटात. शेवटची दोन मिनिटं अशासाठी, की अर्धवट कॉपीची सुरुवात नेहमीच चांगली दिसते.

कुलूप असलेल्या डिस्क

कंपनीने काढलेल्या बऱ्याच डीव्हीडींवर कुलूप असतं. कॉपी शंभर टक्के होते आणि चालवताना हिरवे-गुलाबी ठोकळे दिसतात, किंवा सुरुवातीलाच ‘कॉपी प्रोटेक्शन’ची एरर येते. हा डिस्कचा किंवा ड्राइव्हचा दोष नव्हे, धुऊन उपयोग नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५ए आलं, आणि हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. स्वतःच्या घरापुरती प्रत ठेवणं आणि हार्डडिस्क भरून गल्लीत वाटणं यांत मला फार फरक वाटतो. तरी कुलूपवाल्या डिस्क मी तशाच ठेवल्यात, त्या डिस्कवरूनच बघतो. माझा जीव अडकलाय तो घरच्या समारंभांत आणि नाटकांत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं ते याच गावात, आणि अण्णांनी एक-एक करून जमवलेल्या त्या नाटकांतली कित्येक आता दुकानात मागून मिळत नाहीत.

जागेचा हिशेब सोपा आहे. व्हीसीडीला साधारण ७०० ते ८०० एमबी, डीव्हीडीला ४ ते ८ जीबी. आमचा सगळा संग्रह ७०० जीबीच्या आत बसला. १ टीबीची हार्डडिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते, ती फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी. आकार कमी करायच्या भानगडीत आत्ताच पडू नका. आधी जसंच्या तसं उतरवून घ्या, लहान करणं पुढे कधीही जमतं.

दुसरी हार्डडिस्क बहिणीकडे साताऱ्याला ठेवली आहे. घरातल्या घरात दोन प्रती ठेवल्या तर २०१९ सारखं पाणी आल्यावर दोन्ही एकदम जातील. दर गणपतीला ती येते तेव्हा हार्डडिस्क घेऊन येते, नवीन भर घालून परत नेते.

सध्या वहीत चार डिस्क लाल शाईत उरल्या आहेत. तिघींच्या कडेला गाळ आत शिरलाय. चौथीवर अण्णांच्या हातचा १४७ आकडा आहे, आणि उजेडात धरली की चाराच्या रेघेतून प्रकाश येतो. मिरजेत एका मित्राकडे जुना, जाड डीव्हीडी रायटर आहे. पाऊस थांबला की तिथे नेऊन, सगळ्यात कमी स्पीडवर, रात्रभर लावून बघणार आहे.